सहाची दोरी

हेक्टर : लॅकी रीडला दोरी मिळणार नाही. अंत्यविधीवाला आला की त्याला तसं सांग.

एफी : मी नाही सांगणार. मी सांगेन, सहाची दोरी लॅकीची. माझ्या बहिणीची, नेटाची, तशी इच्छा होती.

हेक्टर : माझ्या बायकोची काय इच्छा होती, ते मला माहीत असायला हवं.

एफी : असायला हवं खरं. जरा बाजूला हो, हॅम कापायचाय मला. एक वाजता पाद्री येईल, मग तुम्ही पुरुष कबरीवर जाल, आणि परत आलात की सगळ्यांना एकदम भूक लागलेली असेल. कितीही जवळचं माणूस गेलेलं असू दे, भूक लागतेच.

हेक्टर : हळू बोल. ती पुढच्या खोलीत आहे.

एफी : हळूच बोलतेय. गिरणीत कान गेले माझे, त्याला मी काय करू?

हेक्टर : एफी, शवपेटी कबरीत सोडायला आठ दोऱ्या असतात. डोक्याकडची पहिली माझी. पायाकडची दुसरी तुमच्या भावाची, सँडीची. मग माझे दोघे भाऊ, तुझा नवरा, आणि सहा सोडून तुझे दोघे मुलगे. तो अंत्यविधीवाला कबरीपाशी मोठ्यानं नंबर पुकारतो आणि माणूस पुढे होतो. सगळं गाव बघत असतं. ज्याच्या हातात दोरी, तो तिचा माणूस. उद्या मला कारखान्यात कुणी विचारलं, सहाला तो उंच गृहस्थ कोण होता, तर मी काय सांगू?

एफी : सांग, तिच्या खात्यातला फिटर.

हेक्टर : फिटर म्हणून दोरी मिळते?

एफी : तुझ्या धाकट्या भावाला मिळालीच की. नेटा आजारी पडल्यापासून त्यानं ह्या घराचा जिना चढलेला मी पाहिला नाही.

हेक्टर : तो भाऊ आहे.

एफी : हो, भाऊ आहे. आणि मी बहीण आहे, पण मी बाई, म्हणून मी इथंच किटली उकळत बसायचं. मला दोरी धरता आली असती ना, तर मी दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा घेतलं नसतं.

हेक्टर : ती नक्की काय म्हणाली, ते परत सांग.

एफी : किती वेळा सांगू? गुरुवारी आपण दोघं दवाखान्यात होतो. तू खाटेच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, सहाची दोरी लॅकीला. मी मान हलवली. मग तिनं डोळे मिटले.

हेक्टर : ती एक शब्द बोलली नाही. तिला आवाज राहिलाच नव्हता.

एफी : आवाज कशाला लागतो? मशीन चालू असताना आम्ही काय आवाजानं बोलतो? सगळं ओठांवर. चौदाव्या वर्षी कामाला लागलेल्या आम्ही, आईच्या हाताखाली. घरीसुद्धा बाबा झोपले की आमची जेवणं न बोलता गप्पा मारत व्हायची.

हेक्टर : मी तिचा हात धरून बसलो होतो.

एफी : हात धरला होतास. तोंडाकडे कुठं बघत होतास?

हेक्टर : तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला.

एफी : ते कळतं मला. मी तुला बोल लावत नाहीये. ती वरची मोठी बशी काढ. ती नाही, निळ्या काठाची.

हेक्टर : म्हणजे मरताना, मी हात धरलेला असताना, माझ्या डोक्यावरून ती तुझ्याशी बोलली. आणि बोलली कुणाबद्दल, तर त्याच्याबद्दल.

एफी : असं मांडलंस तर काहीही वाईटच दिसेल.

हेक्टर : दुसरं कसं मांडू? तूच मांडून दाखव.

एफी : तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. कधीपासून आहे तेही माहीत आहे. त्या नाचापासून.

हेक्टर : तिनं सांगितलं तुला?

एफी : तू घरी परत येताना वाटभर बोलला नव्हतास. तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं मला, हेक्टरला बूट लागतात का गं?

हेक्टर : बूट नव्हते लागत. गिरणीचा तो नाताळचा नाच. मी तिच्यासाठी लिंबाचं सरबत आणायला गेलो होतो. परत आलो तर ती ह्या भिंतीला उभी आणि तो पार त्या भिंतीला. मध्ये सगळी नाचणारी माणसं, वर बँड. आणि दोघं बोलत होते. नुसते ओठ. तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. एफी, ती अशी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मी दोन्ही हातात दोन पेले घेऊन उभा. विचारलं, काय म्हणाला तो? तर म्हणाली, काही नाही, दोऱ्याचं.

एफी : मग दोऱ्याचंच असेल.

हेक्टर : सगळं दोऱ्याचंच असायचं. उशीर का झाला? दोरा तुटत होता. गप्प का आहेस? दोऱ्यानं डोकं उठलंय. एकटीच का हसतेस? काही नाही, दोऱ्याचं एक आठवलं. तो एक शब्द घरात आणून ठेवायची आणि त्याच्या मागे काय आहे ते मला कधी दिसायचं नाही.

एफी : अरे, ह्या पेझली गावात दुसरं आहे काय? अर्धं गाव दोरा काढतं, अर्धं गाव त्या दोऱ्यावर जगतं. आज बघ, पाद्री आयुष्याच्या धाग्यावर बोलणार. गिरणीतली कुठलीही बाई गेली की तो तेच बोलतो. देवाच्या हाती धागा, देवानं तोडला. मागच्या वेळी आमच्या खात्यातली एक म्हातारी मागून म्हणाली, देवाला गाठ मारायला शिकवा कुणीतरी.

हेक्टर : हसू नकोस.

एफी : हसत नाहीये. आणि तू तरी कुठं वेगळा? तिला पहिल्यांदा भेटलास तेव्हा काय म्हणालास? मी दोऱ्याचं काम करतो. ती घरी येऊन मला सांगते, एफी, गिरणीतला मुलगा दिसतोय, पण हात इतके काळे कसे? नंतर कळलं की हा बोल्टवर आटे पाडतो. आट्याला आणि दोऱ्याला आपल्या इंग्रजीत एकच शब्द, थ्रेड, त्याचा बरोबर फायदा घेतलास.

हेक्टर : फायदा नाही घेतला. खरं तेच सांगितलं. माझा पोलादातला.

एफी : ती म्हणायची, हेक्टरचा दोरा कधी तुटत नाही, म्हणून माझं रडगाणं त्याला कळत नाही.

हेक्टर : असं म्हणायची?

एफी : चांगल्या मनानं म्हणायची.

हेक्टर : पोलादातलाही जातो. तुटत नाही, झिजतो. बाहेरून बोल्ट चांगला दिसतो. पाना लावून फिरवत बसायचं. फिरतो, पण आवळत नाही.

एफी : हे तिला कधी सांगितलंस?

हेक्टर : तिनं विचारलं नाही.

एफी : तिनं विचारायचं नाही आणि तू सांगायचं नाही. आणि राग काढायचा लॅकीवर.

हेक्टर : त्याच्याशी तिचं सूत होतं की नाही, एवढंच सांग मला. तू तिथंच होतीस. तुला माहीत असणार.

एफी : ऐक. चारशे बायका एका छपराखाली, प्रत्येक बाई ओठ वाचणारी. तिथं मालकानं मनातल्या मनात शिवी दिली तरी दुपारच्या सुट्टीपर्यंत ती खालच्या मजल्यावर पोचते. कुणाचं कुणाशी सूत जुळलं तर त्या दोघांच्या आधी आम्हाला कळतं. नेटा आणि लॅकीबद्दल मी कधी काही वाचलं नाही.

हेक्टर : तुझ्यासमोर तुझ्या बहिणीबद्दल कोण ओठ हलवणार?

एफी : तुला उत्तर नकोच आहे. तुला दुखणंच हवंय. दार वाजतंय. बघते मी.

हेक्टर : अंत्यविधीवाला इतक्या लवकर?

एफी : तो नसेल. लॅकी असेल. सकाळी मी मुलाकरवी निरोप पाठवला होता, सहाची दोरी तुझी म्हणून.

हेक्टर : मला न विचारता?

एफी : तुला विचारून काय झालं असतं ते आत्ता बघितलंच की. ये रे लॅकी, ये आत. पाय पुसून ये.

लॅकी : नमस्कार, मिस्टर गिलफिलन. मी... फार वाईट झालं. काय बोलावं ते सुचत नाही.

हेक्टर : तुम्ही लोक बोलल्याशिवायही बोलता म्हणे.

एफी : हेक्टर.

लॅकी : असू दे. मी जास्त वेळ नाही घेणार. निरोप मिळाला मला. मी एवढंच सांगायला आलो की दोरी मी नाही घेणार. मागे कुठंतरी उभा राहीन. चालत असेल तर. मी काही घरचा नाही. मी कोण तिचा?

हेक्टर : तेच मी सकाळपासून विचारतोय.

एफी : तिनं तुझं नाव घेतलं, लॅकी. गुरुवारी.

लॅकी : गुरुवारी? बुधवारी मला तर काही म्हणाली नाही दोरीबद्दल.

हेक्टर : बुधवारी तुला कुठं भेटली ती?

(एफी लॅकीकडे बघून नुसते ओठ हलवते. लॅकीही तसंच काहीतरी उत्तर देतो.)

हेक्टर : आवाज काढून. ह्या घरात आवाज काढून बोलायचं.

एफी : मी त्याला म्हटलं, गप्प बस.

लॅकी : आणि मी म्हटलं, आता लपवून काय उपयोग. दवाखान्यात गेलो होतो मी, मिस्टर गिलफिलन. बुधवारी भेटायच्या वेळेत. तुम्ही कामावर होतात.

हेक्टर : किती वेळा गेलास?

लॅकी : जमेल तसा जायचो. तिला गिरणीतलं ऐकायचं असायचं. कुणाचं लग्न ठरलं, नवीन मशीन कसं चालतं. कुणी कुणाशी भांडलं.

हेक्टर : डॉक्टरनं तिला बोलू नका म्हणून सांगितलं होतं. मी तिथं तासभर गप्प बसायचो. तिला दम लागू नये म्हणून तोंडातून शब्द काढायचो नाही.

लॅकी : आमच्या बोलण्याला दम लागत नाही.

एफी : मी तुला सांगणार होते, हेक्टर. पण तू आधीच अर्धा झाला होतास.

हेक्टर : मला वाटायचं ती झोपते. मी असलो की ती डोळे मिटून घ्यायची.

लॅकी : थकलेली असायची ती.

हेक्टर : तुझ्याशी बोलून थकलेली. बरं. तिनं तुला मरताना दोरी दिली, ती का दिली, ते तूच सांग. मी रागावणार नाही. मला फक्त कळू दे.

लॅकी : खरंच मला ठाऊक नाही. एफी, ती काय म्हणाली, नेमकं? तिनं केलं तसं करून दाखव. आणि यांच्यासाठी मोठ्यानंही म्हण.

एफी : सहाची दोरी लॅकीला. बस, एवढंच.

लॅकी : सहाची दोरी.

एफी : हो. सहा नंबरची. कबरीची.

लॅकी : कबरीची, असं म्हणाली ती?

एफी : नाही, तसं नाही म्हणाली. पण मरणाऱ्या बाईनं दोरी म्हटलं तर दुसरी कुठली असणार? अरे देवा.

हेक्टर : काय झालं?

एफी : अरे देवा. मी इतकी वर्षं गिरणीत काढली आणि मला हे कळू नये?

हेक्टर : काय कळू नये? कुणीतरी मला सांगाल का?

लॅकी : मिस्टर गिलफिलन, शिवणाचा सगळ्यात चांगला दोरा असतो ना, सहा पदरांचा, त्याला गिरणीत आम्ही सहाची दोरी म्हणतो. दिवसभर तेच नाव तोंडात असतं. तिला दोऱ्याचं रीळ म्हणायचं होतं. बुधवारी ती बोलली होती मला, तुझं रीळ घरी आहे, कुणाच्या तरी हाती पाठवते म्हणून. कबरीचं तिच्या मनातही नसणार.

हेक्टर : रीळ.

लॅकी : हो.

हेक्टर : दोऱ्याचं रीळ. शिवणाच्या.

एफी : आणि मी गावभर कबरीची दोरी करून बसले. सँडीलाही सांगितलं. माझ्या नवऱ्यालाही सांगितलं.

हेक्टर : बस, लॅकी. उभा का आहेस? एफी, त्याला चहा दे. रीळ म्हणत होती ती. मला वाटलं... काय वाटलं ते जाऊ दे. तिचा शिवणाचा डबा त्या कपाटात खाली आहे. काढ. त्याला हवी तेवढी रिळं नेऊ दे. माझ्या काय कामाची आहेत ती?

लॅकी : एकच आहे माझं. हाताला लागलं की कळेल. डब्याच्या तळाशी असेल, बाकीच्यांपेक्षा बारीक गुंडाळलेलं. ती हातानं गुंडाळायची.

एफी : हे आहे का? नाही, हे साधं. हे? थांब. हे बघ. हा तर उलटा आहे, लॅकी. पीळ उलटा आहे ह्याचा.

लॅकी : हो. तेच.

हेक्टर : उलटा म्हणजे? इकडे आण. खिडकीपाशी येऊ दे. डावा पीळ आहे हा. साधा दोरा असा चढत जातो, उजवीकडे. हा डावीकडे चढतोय. हा दोरा चुकला असेल.

लॅकी : चुकलेला नाही. मुद्दाम केलाय. मी डावखुरा आहे. शाळेत मास्तरांनी हातावर पट्ट्या मारल्या म्हणून लिहितो उजव्यानं, पण सुई उजव्या हातात धरता येत नाही. माझी बहीण गेल्यावर मी एकटाच राहतो. बटणं, मोजे, सगळं मलाच बघावं लागतं. डाव्या हातानं शिवलं की साधा दोरा उलगडत जातो. त्याला केस फुटतात, मग तुटतो. एकदा सुट्टीत मी बाहीचं बटण लावत होतो, तेव्हा तिच्या समोर नुसतं म्हणालो, माझ्या हातात दोराच टिकत नाही. बास. मी काही मागितलं नव्हतं.

हेक्टर : आणि तिनं हा करून दिला.

लॅकी : थोड्या दिवसांनी. आणि शिवायलाही शिकवलं. शेजारी बसून जमेना, तिचा उजवा हात बघून माझा डावा गोंधळायचा. मग ती समोर बसली. आरशात बघितल्यासारखं. मग जमलं.

हेक्टर : समोर बसून.

लॅकी : जेवणाच्या सुट्टीत. सगळ्यांच्या देखत.

एफी : मला वाटायचं तुम्ही मोजे विणताय.

हेक्टर : एफी, हा करायचा म्हणजे काय करावं लागतं? त्याला नको विचारायला, तू सांग.

एफी : कशाला त्यात शिरतोस?

हेक्टर : मला माहीत आहे काय करावं लागतं. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

एफी : आमच्या मशीनच्या पीळ भरणाऱ्या सगळ्या चात्या एकाच बाजूला फिरतात. उलटा पीळ हवा तर पट्टा उलटा चढवायचा. पण शेवटचा पीळ उलटा करून भागत नाही. त्याच्या आधी दोन दोन पदर वळतात, ते उलटे. त्याच्या आधीचं सूत, तेही उलटं. अगदी पहिल्यापासून सगळं दुसऱ्या बाजूनं. आणि पकडली गेली तर कामावरून जाते.

लॅकी : कोपऱ्यात नमुन्यांचं एक छोटं मशीन होतं. त्यावर केलं. पट्टा मी फिरवून दिला. बाकी सगळं तिनं.

हेक्टर : म्हणजे दोघांनी मिळून.

लॅकी : पट्टा फक्त मी.

हेक्टर : आमच्याकडेही उलटे आटे पाडतात. कधीतरी. जिथं साधा आटा फिरण्यानंच सैल होत जाईल, तिथंच. सगळं यंत्र उलटं लावावं लागतं, हत्यार उलट्या बाजूनं घासावं लागतं. साहेबाची सही लागते. नुसतं कुणी बोलता बोलता म्हणालं म्हणून कुणी करत नाही. मी आयुष्यात कुणासाठी तसा एक आटा पाडलेला नाही.

एफी : ती तशीच होती रे. रस्त्यातल्या मांजरालाही उचलून आणायची.

हेक्टर : माझ्यासाठी काय केलं तिनं?

एफी : काय म्हणतोस हे? तुझे शर्ट कोण शिवायचं? तुझे मोजे? तो अंगावर काळा कोट आहे, त्याचं अस्तर कुणी बदललं?

हेक्टर : ते सगळं साध्या दोऱ्यानं.

एफी : अरे, उजव्या हाताच्या माणसाला साधाच दोरा लागतो.

हेक्टर : हो. लागतो खरा.

लॅकी : मी जातो, मिस्टर गिलफिलन. मला वाटतं मी आलोच नसतो तर बरं झालं असतं.

हेक्टर : थांब. तुझं तिच्यावर मन होतं?

एफी : हेक्टर, ती शेजारच्या खोलीत आहे.

हेक्टर : असू दे. तिच्या देखतच विचारतो. लॅकी?

लॅकी : होतं.

हेक्टर : तिला माहीत होतं?

लॅकी : नाही. नसावं.

हेक्टर : ती ओठ वाचायची, लॅकी.

लॅकी : ते मी कधी ओठांवर आणलं नाही.

एफी : मला खुर्ची द्या कुणीतरी.

हेक्टर : त्या नाचाच्या दिवशी तू तिला काय म्हणालास? नाताळचा नाच. तू पलीकडच्या भिंतीला होतास. काहीतरी म्हणालास आणि ती हसली.

लॅकी : कुठल्या वर्षी?

हेक्टर : तिनं हिरवा झगा घातला होता. मी सरबत घेऊन आलो तेव्हा.

लॅकी : मला नाही आठवत.

हेक्टर : आठव.

लॅकी : खरंच आठवत नाही. आठवत असतं तर सांगितलं असतं, आता काय. असंच काहीतरी असेल. दोऱ्याचं.

हेक्टर : दोऱ्याचं.

लॅकी : आम्ही तेवढंच बोलायचो हो. दुसरं काही बोलायला सुरुवात केली की मला भीती वाटायची.

एफी : खाली गाडी थांबली. अंत्यविधीवाला आला. हेक्टर, तोंडावर पाणी मार. लॅकी, तू मागच्या जिन्यानं उतर म्हणजे कुणाला काही विचारायला नको. मी सँडीला सांगते, माझीच चूक झाली. सहाला त्याच्या मुलाला घेऊ.

हेक्टर : सहाची दोरी लॅकी धरेल.

एफी : काय?

लॅकी : नको. तिनं ते म्हटलेलं नाही. आत्ताच सगळं कळलं ना आपल्याला.

हेक्टर : मी म्हणतोय ना. कबरीपाशी नंबर पुकारला की पुढे व्हायचं आणि दोरी धरायची. दोरी हळू सोडायची, माझ्या बरोबरीनं. माझ्याकडे बघून.

एफी : सकाळपासून माझं डोकं खाल्लंस, त्याला दोरी नको म्हणून.

हेक्टर : आता देतोय.

लॅकी : मी... ठीक आहे. आभारी आहे. मग ते रीळ तेवढं द्या. खिशात टाकतो आणि खाली जाऊन उभा राहतो.

हेक्टर : रीळ इथंच राहील.

एफी : अरे, तिनं त्याला दिलंय ते. मरताना त्याला दिलं.

हेक्टर : तिनं कबरीची दोरी म्हटलं. गुरुवारपासून तू मला हेच सांगतेयस. गावभर सांगितलंयस. मी तुझं ऐकतोय, एफी. एकदा माझंही ऐक. ती दोरी म्हणाली, मी दोरी दिली.

लॅकी : मिस्टर गिलफिलन, तुमच्या काय कामाचा तो दोरा? तुमच्या हातात टिकणार नाही. चार टाके घालेपर्यंत सगळा उलगडेल.

हेक्टर : मला कुठं शिवायचंय.